चार्ल्स केटरिंग

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग (जन्म : २९ ऑगस्ट १८७६; मृत्यू : २५ नोव्हेंबर १९५८) हे अमेरिकन विद्युत अभियंता, संशोधक व उद्योजक होते. मोटारीच्या इंजिनासाठी बॅटरीवर चालणारी प्रज्वलन पद्धती आणि विद्युत स्टार्टर ही त्यांची सर्वांत प्रसिद्ध कामे होत. कॉइल, कंडेन्सर, पॉइंट आणि डिस्ट्रिब्युटर या भागांची प्रज्वलन पद्धती त्यांच्या नावाने 'केटरिंग प्रज्वलन' म्हणून ओळखली जाते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन रूढ होईपर्यंत जगातील बहुसंख्य पेट्रोल मोटारी हीच पद्धती वापरत असत. १९२० ते १९४७ या काळात केटरिंग जनरल मोटर्स या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख होते. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली शिसेयुक्त पेट्रोलचा शोध लागला. इंजिनातील दोषाचे मूळ शोधण्याची त्यांची शिस्तबद्ध रीत अनुकरणीय मानली जाते; मात्र त्याच शोधातून निघालेल्या शिसेयुक्त पेट्रोलने सार्वजनिक आरोग्याची मोठी हानी केली.

प्रारंभिक जीवन

केटरिंग यांचा जन्म ओहायो राज्यातील लाउडनव्हिल या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. जेकब व मार्था केटरिंग यांच्या पाच अपत्यांपैकी ते चौथे. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती व वाचन केले की डोके दुखत असे. शालेय शिक्षणानंतर त्यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली. पुढे वूस्टर येथील महाविद्यालयात व त्यानंतर ओहायो स्टेट विद्यापीठात त्यांनी प्रवेश घेतला; परंतु डोळ्यांच्या त्रासामुळे शिक्षण मध्येच सोडावे लागले. या काळात ते टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या तुकडीत काम करू लागले व तिचे मुकादम झाले. तारा, जोडण्या व बॅटऱ्या यांची हाताशी ओळख त्यांना येथे झाली. प्रकृती सुधारल्यावर ते विद्यापीठात परतले आणि १९०४ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी अभियांत्रिकीची पदवी मिळवली. १९०५ मध्ये त्यांचा विवाह ऑलिव्ह विल्यम्स यांच्याशी झाला. त्यांचे एकुलते एक पुत्र यूजीन यांचा जन्म १९०८ मध्ये झाला.

कॅश रजिस्टरवरील काम

पदवीनंतर केटरिंग ओहायोतील डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत रुजू झाले. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोवर हाताने फिरवावे लागे. ते विजेवर चालवायचे तर मोटर फार मोठी होईल, अशी अडचण होती. यंत्राला जोर लागतो तो क्षणभरच, हे केटरिंग यांनी ओळखले. सतत चालणाऱ्या मोटरवर एवढा भार टाकला तर ती तापून जळेल. पण क्षणभर भार आणि नंतर विश्रांती असेल तर लहान मोटरही तो सहज पेलते. या विचारावर आधारित विद्युत कॅश रजिस्टर १९०६ मध्ये तयार झाले. मोटारीच्या स्टार्टरसाठी त्यांनी पुढे हेच तत्त्व वापरले.

डेल्कोची स्थापना

कॅश रजिस्टर कंपनीतील त्यांचे वरिष्ठ एडवर्ड डीड्स यांना मोटारीची आवड होती. त्यांच्या आग्रहावरून केटरिंग यांनी मोटारीच्या विद्युत भागांकडे लक्ष वळवले. डीड्स यांच्या घरामागील कोठारात संध्याकाळी व सुटीच्या दिवशी प्रयोग चालत. सहकाऱ्यांपैकी अनेक जण दिवसा कॅश रजिस्टर कंपनीत काम करून रात्री तेथे येत. १९०९ मध्ये केटरिंग यांनी नोकरी सोडली आणि डीड्स यांच्यासह डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी स्थापन केली. कंपनीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ती 'डेल्को' म्हणून ओळखली जाऊ लागली.

बॅटरीवरील प्रज्वलन

पेट्रोल इंजिनाच्या सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते आणि योग्य क्षणी स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही ठिणगी मॅग्नेटोने किंवा थरथरणाऱ्या कॉइलने पाडली जाई. मॅग्नेटोला बॅटरी लागत नसे, पण इंजिन सावकाश फिरत असताना त्याची ठिणगी अशक्त असे. थरथरणारी कॉइल एकामागून एक ठिणग्यांचा वर्षाव करी आणि त्यामुळे बॅटरी लवकर संपे. केटरिंग यांनी अशी योजना केली की प्रत्येक वेळी एकच, पण जोरदार ठिणगी पडावी. हेन्री लेलँड यांच्या कॅडिलॅक कंपनीने १९१० च्या मोटारींसाठी ही पद्धती स्वीकारली. डेल्कोला मिळालेले हे पहिले मोठे काम होते.

या पद्धतीच्या विकसित स्वरूपात बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून व पॉइंटमधून वाहतो. इंजिनाबरोबर फिरणारा कॅम पॉइंट उघडतो, तेव्हा प्रवाह एकदम तुटतो, कॉइलमधील चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. डिस्ट्रिब्युटरमधील रोटर तो ज्या सिलिंडरची पाळी असेल त्याच्या स्पार्क प्लगकडे पाठवतो. पॉइंटला समांतर जोडलेला कंडेन्सर दोन कामे करतो : पॉइंट उघडताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडू देत नाही आणि प्रवाह अधिक वेगाने तोडून कॉइलमधील दाब वाढवतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल तर पॉइंट मिनिटाला ६,००० वेळा उघडतात.

विद्युत स्टार्टर

त्या काळी मोटार सुरू करण्यासाठी पुढे लावलेले हँडल हाताने फिरवावे लागे. ठिणगी ठरलेल्या वेळेपेक्षा लवकर पडली तर इंजिन उलट फिरून हँडलचा जबर फटका बसे. त्यात मनगट वा हात मोडल्याच्या घटना नेहमीच्या होत्या. अशाच एका अपघातात परिचिताचा मृत्यू झाल्यामुळे लेलँड यांनी स्टार्टरचे काम केटरिंग यांच्याकडे सोपवले, अशी कथा प्रसिद्ध आहे. तिच्या तपशिलांबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

इंजिन फिरवण्याइतकी शक्तिशाली मोटर गाडीत मावणार नाही, असे अनेक अभियंत्यांचे मत होते. केटरिंग यांनी कॅश रजिस्टरच्या मोटरचा धडा येथे लागू केला. फेब्रुवारी १९११ मध्ये कॅडिलॅकवर स्टार्टर बसवून दाखवण्यात आला आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत तो कारखान्यातूनच बसवून मिळू लागला. स्टार्टरचे यंत्र इंजिन सुरू झाल्यावर जनित्राचे काम करून बॅटरी भारित करी. त्याच बॅटरीवर प्रज्वलन व दिवे चालत. मोटारीची विद्युत व्यवस्था अशा प्रकारे प्रथमच एकसंध झाली. या शोधाचे पेटंट १९१५ मध्ये मिळाले. स्टार्टरमुळे हँडलसाठी लागणाऱ्या ताकदीची अट संपली व स्त्रियांसह अधिक लोकांना मोटार एकट्याने चालवणे शक्य झाले.

प्रज्वलन पद्धतीतील दोष व त्यांचे निदान

केटरिंग प्रज्वलनाचे भाग साधे, स्वस्त व दुरुस्त करण्याजोगे होते. मात्र ते झिजत व वारंवार जुळवावे लागत. एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण न पेटणे, ज्याला गॅरेजच्या भाषेत 'मिसिंग' म्हणतात, आणि गाडी उभी असताना इंजिन अडखळत चालणे हे जुन्या मोटारींचे नेहमीचे आजार या पद्धतीशी निगडित आहेत. भारतात कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी व हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर या गाड्यांतही पॉइंट व कंडेन्सर होते. त्यामुळे मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या दोन पिढ्यांना पॉइंट घासून त्यांमधील फट जुळवण्याचे काम परिचित होते.

अशा दोषाच्या निदानात प्रथम तो एका सिलिंडरपुरता आहे की सर्वांचा, हे ठरवले जाते. सायलेन्सरचा आवाज ठरावीक तालाने तुटत असेल तर बहुधा एकच सिलिंडर काम करत नसतो. तो ओळखण्यासाठी पॉइंटच्या जुन्या गाड्यांत इंजिन सावकाश चालू ठेवून, इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढली जाते. वायर काढल्यावर इंजिनाची गती पडली तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तेथे आहे. मग इंजिन बंद करून त्या सिलिंडरचा प्लग शेजारच्या सिलिंडरच्या प्लगशी बदलला जातो. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग खराब. जागीच राहिला तर वायर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण किंवा त्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन तपासावे लागते. इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाच्या गाड्यांत वायर काढून पाहण्याची ही रीत वापरत नाहीत, कारण तिने त्यांतील भाग निकामी होऊ शकतात.

काढलेल्या प्लगच्या रंगावरूनही बरेच कळते. फिकट तपकिरी रंग निरोगी ज्वलनाचा असतो. कोरडी काळी काजळी मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे, तर तेलकट काळा थर रिंग किंवा झडपांकडून तेल आत येत असल्याचे दाखवतो. मिसिंग ठरावीक तालात नसून कोणत्याही सिलिंडरमध्ये होत असेल तर सर्वांना सामाईक असलेल्या भागांकडे लक्ष जाते. पॉइंट जळून त्यांवर खड्डे पडले असतील तर कंडेन्सरवर संशय येतो. गाडी थंड असताना नीट चालून तापल्यावर बंद पडत असेल तर कॉइल तपासली जाते. डिस्ट्रिब्युटरचा दांडा झिजून हलत असेल तर पॉइंटची फट दर फेऱ्याला बदलते आणि ती कितीही जुळवली तरी टिकत नाही. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातील ओल किंवा बारीक तडा ठिणगीला भलतीच वाट देतो. झाकण कोरडे पुसल्यावर गाडी सुरू होते ती यामुळेच.

मात्र प्रत्येक अडखळण्याचे कारण ठिणगी नसते. कार्बोरेटरच्या खालच्या गॅस्केटमधून किंवा फाटलेल्या रबरी नळीतून जास्तीची हवा आत जात असेल तर उभ्या गाडीत इंजिन थरथरते, पण वेग वाढवल्यावर सुरळीत चालते. इंजिन सावकाश चालताना एकूण हवाच थोडी असते, म्हणून जास्तीच्या हवेचा परिणाम तेव्हा अधिक जाणवतो. लक्षण एक आणि कारणे अनेक असल्याने अंदाजाने भाग बदलण्याऐवजी एका वेळी एकच गोष्ट बदलून फरक पाहणे आवश्यक ठरते.

इंजिनातील ठोक्यांचे संशोधन

केटरिंग यांना स्वतःलाच अशा चुकीच्या निदानाला तोंड द्यावे लागले. इंजिनांचे कॉम्प्रेशन वाढू लागले तसे भार पडताच सिलिंडरमधून धातूवर हातोडी मारल्यासारखे ठोके ऐकू येऊ लागले. याचा दोष अनेकांनी डेल्कोच्या बॅटरी प्रज्वलनाला दिला. खेड्यांतील घरांसाठी केटरिंग यांनी तयार केलेल्या डेल्को-लाइट या वीजसंचातही रॉकेल वापरल्यास हेच ठोके येत.

१९१६ मध्ये केटरिंग यांनी हा प्रश्न थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे सोपवला. सिलिंडरमधील दाब क्षणोक्षणी नोंदवणारे उपकरण वापरून मिजली यांनी पाहिले, तेव्हा ठिणगी योग्य वेळी पडत असल्याचे दिसले. ठिणगी पडून ज्वलन सुरू झाल्यानंतर दाब अचानक उसळत होता. दोष प्रज्वलनात नव्हता, इंधनात होता.

लाल रंगाचे इंधन उष्णता अधिक शोषून लवकर वाफ होईल, या कल्पनेने रॉकेलमध्ये आयोडीन मिसळून पाहिले गेले. ठोके कमी झाले. येथे थांबता आले असते. पण इतर लाल रंग मिसळून पाहिले, तेव्हा काहीच परिणाम झाला नाही. रंगहीन आयोडीन संयुगाने मात्र ठोके कमी झाले. कल्पना चुकीची होती आणि उपाय मात्र रासायनिक होता, हे त्यातून सिद्ध झाले. आयोडीन महाग व धातू गंजवणारे असल्याने दुसऱ्या पदार्थांचा शोध पुढे अनेक वर्षे चालला.

शिसेयुक्त पेट्रोल

डिसेंबर १९२१ मध्ये मिजली व त्यांच्या सहकाऱ्यांना टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अत्यंत प्रभावी आढळले. गॅलनभर पेट्रोलला सुमारे ३ घन सेंटिमीटर एवढ्या अल्प मात्रेने ठोके थांबत. पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळल्यानेही ठोके कमी होतात, हे केटरिंग यांच्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. परंतु त्यासाठी अल्कोहोलची मात्रा बरीच जास्त लागे. शिशाच्या संयुगाच्या वापरावर पेटंटद्वारे नियंत्रण ठेवता येत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे या पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ मध्ये जनरल मोटर्स व स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी एथिल गॅसोलिन कॉर्पोरेशन स्थापन केले व केटरिंग त्याचे पहिले अध्यक्ष झाले. 'एथिल' या व्यापारी नावात शिशाचा उल्लेख नव्हता.

शिसे विषारी असल्याचे ज्ञान प्राचीन होते. मिजली यांना १९२३ मध्ये शिशाच्या विषबाधेमुळे काही काळ विश्रांती घ्यावी लागली. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात पाच कामगारांचा मृत्यू झाला व अनेकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डेटन व डीपवॉटर येथेही कामगार दगावले. विक्री थांबवण्यात आली आणि मे १९२५ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याने परिषद बोलावली. केटरिंग यांनी तेथे उद्योगाची बाजू मांडली. ॲलिस हॅमिल्टन व यँडेल हेंडरसन या तज्ज्ञांनी सर्वसामान्य जनतेला होणाऱ्या दीर्घकालीन धोक्याचा इशारा दिला. पुढे नेमलेल्या समितीने अल्प मुदतीच्या पाहणीवरून बंदीसाठी पुरेसे कारण नसल्याचे म्हटले आणि १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

इंजिनातही शिशाचे परिणाम दिसले. त्याचे थर स्पार्क प्लगवर साचून मिसिंग होऊ लागले. ते वाफेच्या रूपात बाहेर जावेत म्हणून ब्रोमीनयुक्त संयुग मिसळावे लागले. म्हणजेच इंजिन स्वच्छ राहावे यासाठी शिसे हवेत सोडले गेले. १९६० च्या दशकात क्लेअर पॅटरसन यांनी वातावरणातील शिशाचे प्रमाण मानवी उद्योगांमुळे प्रचंड वाढल्याचे दाखवले. मुलांच्या बौद्धिक वाढीवर त्याचा विपरीत परिणाम होतो, हेही पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोल १९९६ पासून बंद झाले. भारतात शिसेविरहित पेट्रोल १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत आणि २००० मध्ये देशभर उपलब्ध झाले. २०२१ मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर मोटारींसाठी हे पेट्रोल जगातून हद्दपार झाले. काही जुन्या इंजिनांत शिशाचा थर झडपांच्या बैठकींचे रक्षण करी. नव्या पेट्रोलवर त्या झिजून झडप नीट बसत नाही, कॉम्प्रेशन घटते व इंजिन अडखळते. अशा इंजिनांना कठीण धातूच्या बैठका बसवाव्या लागतात.

जनरल मोटर्समधील कारकीर्द

डेल्को कंपनी जनरल मोटर्समध्ये विलीन झाल्यावर १९२० मध्ये केटरिंग तिच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. त्यांचे पहिले मोठे काम अयशस्वी ठरले. पाण्याऐवजी तांब्याच्या पंखांवरून वाहणाऱ्या हवेने थंड होणारे इंजिन १९२३ च्या शेव्हरोलेट मोटारीत बसवले गेले. ते तापल्यावर मिश्रण ठिणगीपूर्वीच पेटे व शक्ती कमी होई. तयार झालेल्या ७५९ गाड्यांपैकी सुमारे १०० च ग्राहकांपर्यंत पोहोचल्या आणि त्याच वर्षी सर्व गाड्या परत मागवण्यात आल्या. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांना राहण्यास राजी केले.

पुढील काळात लवकर वाळणारा ड्यूको रंग त्यांच्या विभागाच्या सहभागाने प्रचारात आला. शीतकपाटासाठी मिजली यांनी विकसित केलेला फ्रीऑन हा वायू १९३० मध्ये जाहीर झाला. त्या गटातील वायूंमुळे ओझोन थराची हानी होते, हे पुढे उघड झाले व १९८७ च्या माँट्रिऑल करारान्वये त्यांवर निर्बंध आले. केटरिंग यांच्या नेतृत्वाखाली वजनाने हलकी द्विधाव डिझेल इंजिनेही तयार झाली. १९३४ मध्ये धावलेल्या बर्लिंग्टन झेफिर या रेल्वेगाडीत असे इंजिन होते. अमेरिकी रेल्वेत वाफेची जागा डिझेलने घेण्यास त्यामुळे चालना मिळाली. या कामात त्यांचे पुत्र यूजीन यांचाही मोठा वाटा होता.

अखेरचा काळ व स्मृती

१९२७ मध्ये केटरिंग यांनी आपल्या नावाचे प्रतिष्ठान स्थापन केले. वनस्पतींतील प्रकाशसंश्लेषणाच्या संशोधनाला त्यांनी दीर्घकाळ साहाय्य केले. १९४५ मध्ये स्लोन यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे कर्करोग संशोधनासाठी स्लोन-केटरिंग संस्था उभी केली. पत्नी ऑलिव्ह यांचे १९४६ मध्ये निधन झाले. पुढील वर्षी ते जनरल मोटर्समधून निवृत्त झाले. २५ नोव्हेंबर १९५८ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावावर १८६ पेटंटे होती. डेटनलगतच्या केटरिंग शहराला त्यांचे नाव देण्यात आले आहे. मिशिगन राज्यातील फ्लिंट येथील अभियांत्रिकी संस्थेचे १९९८ मध्ये केटरिंग विद्यापीठ असे नामांतर झाले. १९८० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मान दालनात त्यांचा मरणोत्तर समावेश करण्यात आला.